आशाताईंचे काम आणि त्यांचे समाधान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार जणींसमोर उभे राहून बोलावयाची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि आजवर मंडळात माझे काम म्हणजे भोंडल्याची खिरापत करणे व हळदीकुंकवाच्या याद्या लिहिणे एवढेच. परंतु यंदा कार्यवाहबाईंनी ठरविले की, दरवर्षी बाहेरचा वक्ता आणण्यापेक्षा आपल्यातल्याच कुणीतरी आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर बोलावे. मला आतून ठाऊक असलेला विषय एकच, तो म्हणजे माझ्या धाकट्या जाऊबाईंचे काम. ती आपल्या गावची आशा स्वयंसेविका आहे हे आपण जाणताच.

आज ती येथे नाही. नदीपलीकडच्या वस्तीवर एका ओल्या बाळंतिणीकडे तिची सातव्या दिवसाची भेट आहे. तिला विचारूनच मी हे बोलते आहे. "बोला अक्का, पण मला उगीच बिचारी करू नका," एवढीच तिने अट घातली. ती मी पाळीन.

'आशा' हे तिचे नाव नव्हे हे आधी सांगते, कारण आपल्यातील काही जणींची तशी समजूत आहे. एप्रिल २००५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले, त्यात साधारण हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई निवडावयाची असे ठरले. तिच्या पदाचे जे लांबलचक इंग्रजी नाव आहे, त्याची आद्याक्षरे मिळून आशा हा शब्द होतो. बाई त्याच गावात राहणारी हवी, शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा परित्यक्ता, म्हणजे ती गाव सोडून जाणार नाही. आपल्या भागात निवड झाली तेव्हा दहावी पास हवी होती. आमच्या घरात दोघी सुना. मी सातवी, ती दहावी. सासूबाई म्हणाल्या, "जी शिकली ती जाईल, जी उरली ती भाकऱ्या थापील." तेव्हापासून ती जाते आहे आणि मी थापते आहे. दोन्ही कामे जवळून पाहिली म्हणूनच बोलण्याचे धाडस करते.

आता तिच्या कामाची रीत सांगते, कारण समाधान-असमाधान हे सारे त्या रीतीत दडलेले आहे.

ती सरकारची नोकर नाही. तिला 'स्वयंसेविका' म्हणतात. तिला पगार नसून कामावर मोबदला मिळतो. अमुक काम केले तर अमुक रुपये. शेजारच्या वाडीत एखादी पोटुशी आहे असे कळले की तिची बारा आठवड्यांच्या आत नोंद करावयाची, तपासण्यांना न्यावयाचे, लोहाच्या गोळ्या खाते की उशीखाली ठेवते ते पाहावयाचे, कळा लागल्या की १०८ ची गाडी बोलवावयाची व बरोबर जावयाचे. यासाठी जननी सुरक्षा योजनेत खेड्यातील आशेला सहाशे रुपये आहेत, त्यातले तीनशे गरोदरपणातील देखभालीचे आणि तीनशे दवाखान्यात नेण्याचे. आणि तेही आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईमागे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल. सून सातव्या महिन्यात माहेरी जाते, डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते. आणि सहा महिने जिने पाठपुरावा केला त्या आशेचे पुढचे काम दुसऱ्या गावच्या आशेकडे जाते. यात कुणाचा दोष नाही. पण मोबदल्याचा हिशेब ज्याने कागदावर मांडला, त्याच्या घरी बहुधा कुणी माहेरपणाला आले नसावे!

बाळ झाल्यावर तिच्या सहा भेटी असतात. आपण पाचवी पुजतो आणि बाराव्या दिवशी बारसे करतो. तिचे दिवस निराळे आहेत. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. घरीच बाळंतपण झाले तर पहिल्या दिवसाची आणखी एक. प्रत्येक भेटीत बाळाचे वजन करावयाचे, अंग गरम की गार ते पाहावयाचे, दूध ओढते की नाही, नाळ ओली आहे का, बाळंतिणीला ताप आहे का, सारे विचारून लिहावयाचे. ही रीत कुठून आली हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती आपल्याच महाराष्ट्रातून आली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायकांना शिकवून तयार केले, आणि त्यांनी घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घेतल्यावर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आले. पुढे २०११ मध्ये केंद्राने हेच काम देशभरच्या आशांकडे दिले. म्हणजे आपल्या जाऊबाई हातात तो झोळीचा तराजू घेऊन ओसरीवर बसतात, तेव्हा ती काही कारकुनी नव्हे.

या सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये. आणि ते देण्याच्या अटी २०११ च्या नियमांत होत्या: बाळाचे वजन कार्डावर लिहिलेले हवे, बी.सी.जी. व पोलिओ इत्यादी लस दिलेली हवी, जन्माची नोंद हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत माय व मूल दोन्ही सुखरूप हवेत.

ही शेवटची अट मी पहिल्यांदा ऐकली ती एका वाईट प्रसंगी. वस्तीवरच्या एका पोरीला मुलगा झाला, वजन पावणेदोन किलो. चौथ्या दिवशी तिला घरी पाठविले. जाऊबाईंनी ठरलेल्या दिवशी भेटी दिल्याच, पण मधल्या दिवशीही ती जात होती, कारण बाळ फार लहान होते. त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घालावयाचे, हे तिने आजीला चार वेळा करून दाखविले. सतराव्या दिवशी सकाळी गेली तर बाळ गार लागले आणि दूध ओढीना. तिने लगेच गाडी बोलाविली, स्वतः बरोबर गेली. रात्री बाळ गेले. ती दुसऱ्या दिवशी दुपारी एस.टी.ने परत आली, आंघोळ केली, आणि चुलीपुढे बसून राहिली. मी जेवायला वाढले ते तसेच राहिले.

त्या बाळाचे अडीचशे रुपये तिला मिळाले नाहीत, कारण अट पुरी झाली नव्हती. त्याचे तिला काही वाटले नाही हे मी शपथेवर सांगते. तिला लागले ते निराळेच. महिन्याच्या बैठकीत सर्वांसमक्ष तिला उभे करून विचारले गेले, "तुझ्या भागात बालमृत्यू झालाच कसा?" तिने किती भेटी दिल्या, केव्हा गाडी बोलाविली, हे कुणी विचारले नाही. अहवालात एक आकडा चढला होता, त्याला कुणी तरी जबाबदार हवे होते. घरी येऊन ती म्हणाली, "अक्का, उद्या पिशवी परत देऊन येते." पिशवी म्हणजे ती औषधांची, ज्यात मिठसाखरेची पाकिटे, तापाच्या गोळ्या, थर्मामीटर आणि तराजू असतो.

पिशवी परत गेली नाही. भावजींनी समजावले, सासूबाईंनी रागावून पाहिले; पण ती राहिली ती आमच्या सांगण्यामुळे नव्हे. त्यानंतर दोन महिन्यांनी केंद्रावर नव्या डॉक्टरीणबाई आल्या. केंद्राचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, आणि बाईंचेही नाही, कारण त्या आता बदलून गेल्या आहेत. त्यांनी काय केले ते मात्र ऐकण्यासारखे आहे. मोबदला एका पैशाने वाढविणे त्यांच्या हाती नव्हते. पायपीट तेवढीच राहिली. वहीही तीच.

त्यांनी पहिल्या बैठकीत सतरंजीवर बसलेल्या बायकांसाठी बाके आणविली. आधी काय होई, तर कर्मचारी खुर्चीवर आणि आशा खाली. बाके कमी पडली तेव्हा त्या स्वतः उठून सतरंजीवर बसल्या. मग प्रत्येकीचे नाव विचारून लिहून घेतले. तोवर साऱ्या जणींना "ए आशा" अशीच हाक होती. पंचवीस बायका आणि सर्वांचे नाव एक. दहाची बैठक दहाला सुरू करून बाराला संपविली, म्हणजे दुपारची एस.टी. मिळे. पूर्वी दहाला बोलावून दोनला सुरू होई आणि घरी पोचेतो दिवेलागण.

आणि त्या बाळाचा कागद त्यांनी पुन्हा काढला. जाऊबाईंना खोलीत बसवून घेतले आणि पहिल्या भेटीपासून सतराव्या दिवसापर्यंत सारे सांगावयास लावले. मग म्हणाल्या, "तुम्ही ओळखले ते बरोबर ओळखले, आणि वेळेवर आणले." एवढे लहान बाळ चौथ्या दिवशी घरी का सोडले, हे त्यांनी तालुक्याला फोन करून विचारले. तिच्यासमोर विचारले. बाळ काही परत आले नाही. पण त्या रात्री ती जेवली.

पुढे आणखी एक चाल त्यांनी पाडली. आशाने चिठ्ठी देऊन एखादी बाई पाठविली, की त्या चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहून परत देत: काय निघाले, काय औषध दिले, पुन्हा केव्हा पाठवा. आधी रोगी पाठविला की तो विहिरीत टाकलेल्या दगडासारखा; त्याचे काय झाले ते आशेला वस्तीवरच्या बायकांकडूनच कळावयाचे. आता वस्तीवरच्या बायका तिला विचारू लागल्या. औषधांची पिशवी दर महिन्याला भरून मिळू लागली. हे लहान वाटते, पण पहा, गोळ्या संपल्या असता दारोदार "आज नाहीत" असे सांगत फिरावे लागले, की लोक औषधावर नव्हे, त्या बाईवरच विश्वास ठेवीनासे होतात.

हे ऐकून मला जामखेडची आठवण होते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले, आणि खेड्याखेड्यातल्या, पुष्कळशा निरक्षर बायका आरोग्याच्या कामासाठी तयार केल्या. आठवड्याला त्या बायका एकत्र जमत, कुणाच्या गावी काय झाले ते सांगत, आणि त्यातूनच पुढचे शिकत. १९७९ मध्ये त्या डॉक्टर पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिला लिहिता येत नाही तिलाही तिच्या कामाबद्दल विचारले आणि तिचे ऐकून घेतले तर ती काय करू शकते, हे पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच मातीत दिसून आले आहे.

परंतु येथे माझे एक स्पष्ट म्हणणे आहे. मानाने वागविले म्हणजे झाले, पैसे कमी असले तरी चालतील, असे कुणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. मानाने चूल पेटत नाही. केंद्राकडून नेमाने करावयाच्या कामांसाठी आशेला महिना एक हजार होते, ते ऑक्टोबर २०१८ पासून दोन हजार झाले, आणि २०२५ मध्ये ते साडेतीन हजार केल्याचे संसदेत सांगण्यात आले. आपल्या राज्यातल्या आशांनी २०२३ च्या ऑक्टोबरात संप केला, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा केला, मुंबईस आझाद मैदानात जाऊन बसल्या. जाऊबाईही गेल्या होत्या. मी शेंगदाण्याची चटणी आणि तीन दिवस टिकतील अशा दशम्या बांधून दिल्या. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने मोबदल्यात पाच हजारांची वाढ देण्याचा निर्णय केला. म्हणजे मागितल्यावर मिळाले. बसून राहिल्यावर नव्हे.

आणि रक्कम किती यापेक्षाही ती केव्हा व कशाची येते, याने मन जास्त पोळते. तीन-तीन महिन्यांनी खात्यात काही तरी जमा होते. ते कोणत्या कामाचे, कोणत्या महिन्याचे, काय कापले, याचा कागद नाही. मग ती आणि मी रात्री वही घेऊन बसतो आणि बेरीज लावतो. दुधाचे बिल डेअरी दहा दिवसांनी चिठ्ठीसकट देते, म्हशीचा हिशेब चोख मिळतो, मग बाईचा का मिळू नये?

२२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. दूरचित्रवाणीवर बातमी लागली तेव्हा ती नेमकी फॉर्मच्या झेरॉक्स काढून आली होती, स्वतःच्या पैशाने. सासूबाई म्हणाल्या, "अगो, तुला बक्षीस मिळाले!" ती म्हणाली, "मिळाले खरे, पण झेरॉक्सवाल्याला सुटे द्यायचे आहेत, आहेत का तुमच्याकडे?" आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली.

आता जे बोलण्यासाठी मी खरी उभी राहिले ते बोलते. गिरणीत काम करणाऱ्याचे कामाचे ठिकाण गिरणी, गुरुजींचे शाळा. आशाताईंचे कामाचे ठिकाण कोणते? केंद्रावर ती महिन्यातून थोडेच दिवस असते. बाकीचे सारे दिवस तिचे कामाचे ठिकाण म्हणजे आपला उंबरा आणि आपली ओसरी. तेव्हा कामाच्या ठिकाणच्या चालीरीती चांगल्या की वाईट, हा प्रश्न फक्त डॉक्टरांना आणि सरकारला विचारून भागणार नाही. तो आपल्या घरांनाही आहे.

आपल्या घरांतून तीन महिने पुरे होईपर्यंत दिवस गेल्याचे सांगत नाहीत. नजर लागते म्हणतात. चाल जुनी आहे, मी तिची थट्टा करीत नाही. पण नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हावयाची असते, आणि उशीर झाला की बोलणी आशेला बसतात. शिवाय पहिल्या तीन महिन्यांतल्या गोळ्या त्या सुनेला मिळत नाहीत ते वेगळेच. तिच्या कानात सांगितले तर ती गावभर करणार नाही. इतकी वर्षे तिच्या पोटात किती घरांच्या गोष्टी राहिल्या आहेत, ते मी तिची जाऊ असूनही मला ठाऊक नाही.

लसीकरणाच्या दिवशी "कार्ड सापडत नाही, नंतर ये" असे म्हणून तिला तीन खेपा घालावयास लावणारी घरे आहेत. लस दिल्यावर पोराला ताप आला की रात्री तिच्याच दारात येऊन भांडणारीही आहेत. २०२० साली करोनाच्या दिवसांत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत ती दारोदार ताप आणि बोटातला प्राणवायू मोजत हिंडली, तेव्हा दाराला कडी लावून आतून "आम्ही बरे आहोत" असे ओरडणारी घरे होती. भीती होती, मी समजते. पण तिलाही होती. आमच्या घरी ती सहा महिने पडवीत वेगळी झोपली, धाकटा मुलगा खिडकीतून तिच्याशी बोलावयाचा.

आणि रात्रीचे जाणे. गाडी बाळंतिणीला नेते, पण परत आणण्यास गाडी नसते. नातेवाईक आत खाटेपाशी बसतात, आशाताई बाहेर व्हरांड्यात. सकाळच्या पहिल्या एस.टी.पर्यंत कोठे टेकावयाचे, कोठे लघवीला जावयाचे, हे तिचे तिने पाहावयाचे. काही रुग्णालयांत आशांसाठी खोली केलेली आहे, तेथे फार बरे पडते असे ती सांगते. आपल्या तालुक्याला अशी खोली व्हावी म्हणून मंडळाने अर्ज करावा, असे मी सुचविते. मसुदा मास्तरीणबाईंनी लिहून ठेवला आहे, सह्या तेवढ्या हव्यात.

पण अर्जाचे उत्तर यावयास वेळ लागेल. तोवर आपल्या हातातले. लसीकरणाचा दिवस देवळाच्या ओवरीत भरतो. तेथे नर्सबाईंना आणि आशाताईंना सकाळपासून चार वाजेपर्यंत संडासाची सोय नाही. आपल्या मंडळाच्या खोलीला ती आहे, पाणी आहे, टेबल आणि सहा खुर्च्या आहेत, आणि खोली त्या दिवशी बंदच असते. कार्यकारिणीने परवाच्या सभेत किल्ली देण्याचे मान्य केले आहे. किल्ली पोचती करणे आणि शेवटी झाडून घेणे, याची पाळी लावावी लागेल.

दुसरे, रात्रीच्या सोबतीचे. बाळंतिणीच्या घरची माणसे असतात ती बाळंतिणीची. आशाताईंची सोबत कुणी नसते. आठवड्याच्या सात रात्री, दर रात्रीला दोन नावे. एकीने तिच्याबरोबर जावयाचे, दुसरीने तिच्या मुलांकडे पाहावयाचे. ज्यांच्या घरी तान्हे मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांनी नाव घालू नये, आणि घातले नाही म्हणून कुणी कुणाला टोमणा मारू नये. सोमवारच्या रात्री मी माझे नाव लिहिले आहे. वही फराळाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलेले आहे. चहा घ्यावयास जाताना पाहून घ्या. मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत.